वंगणात निजलेला कापूर

एकदा एक पांढरा कुत्रा भर दुपारी वंगणाच्या पिंपात जाऊन निजला. यात त्याचा काही दोष नव्हता. ते पिंप त्याचेच होते.

घाटाच्या पायथ्याशी एक पेठ होती. घाट चढण्यापूर्वी बैलगाड्या तिथे थांबत, बैलांना पाणी पाजत आणि चाकांच्या आसांना वंगण घालून घेत. हे वंगण आणि गाडीला लागणारे दोरखंड विकणारे बसप्पाशेठ हे पेठेतले जुने व्यापारी. त्यांच्या दुकानाच्या मागच्या पडवीत एक अर्धे कापलेले लाकडी पिंप रिकामे पडून असे. ऊन तापले की शेठजींचा कुत्रा कापूर त्यात जाऊन झोपे. लाकूड गार असते हा शोध त्याने स्वतःच लावला होता. त्या दिवशी वंगणाचा मोठा डबा तळाशी गळू लागला, म्हणून शेठजींनी घाईघाईने सगळे वंगण त्या पिंपात ओतले आणि पुढे गिऱ्हाईक आले म्हणून ते निघून गेले. कापूर त्याच्या वेळेला आला, कडेवरून आत उतरला, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि अंग टाकून दिले. आज अंथरूण जरा जास्त मऊ आहे, एवढेच त्याला वाटले असावे.

थोड्या वेळाने दुकानात एक काळेकुट्ट जनावर शिरले. शेठजींनी त्याला आधी काठी दाखवली. जनावराने शेपटी हलवली. शेपटीचे शिंतोडे भिंतीवर, दोरखंडांवर आणि एका गाडीवानाच्या नव्या फेट्यावर उडाले, आणि मग डोळ्यांवरून शेठजींना ओळख पटली. ते मटकन खाली बसले.

बसण्याचे कारण होते. कापूर नावाला शेठजींचा. खरा तो शेठाणींचा. त्यांना मूलबाळ नव्हते. कुणीतरी ओढ्याकाठी टाकून दिलेले हे पिल्लू शेठाणींनी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाचवले होते आणि त्याच्या रंगावरून त्याचे नावही त्यांनीच ठेवले होते. शेठाणी भाचीच्या लग्नाला माहेरी गेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी परतणार होत्या. जाताना नवऱ्याला त्यांनी घराविषयी काही सांगितले नव्हते, दुकानाविषयीही नाही. कापूरकडे लक्ष ठेवा, एवढेच सांगितले होते.

तेवढ्यात कापूर आपले अंग चाटून स्वच्छ करू लागला. थोडेसे चाटून झाल्यावर तो ओकला, आणि जे बाहेर पडले तेही काळेच होते. तेव्हा मात्र शेठजींना शेठाणींचा विसर पडला आणि कुत्र्याचीच काळजी वाटू लागली.

दुकानासमोर माणसे जमली. जमलेल्यांकडे उपायांची कमतरता नव्हती. एकाच्या मते रॉकेल हा एकच उपाय होता; गाडीचा आस त्याने स्वच्छ निघतो, मग कुत्रा का निघू नये. दुसऱ्याने राख आणि चुना कालवून थापायला सांगितला. तिसऱ्याचा सल्ला होता की सरळ भादरून टाकावा. फेटा खराब झालेला गाडीवान शांतपणे म्हणाला की पलीकडच्या गावात असाच एक पांढरा कुत्रा त्याने पाहिला आहे, तो आणून बांधावा; बायकांच्या ते लक्षात येत नाही. तो अविवाहित होता.

शेठजींनी कापूरला एका पोत्यात गुंडाळले. कुणीतरी त्यांच्या दुसऱ्या हातात रॉकेलची बाटली दिली. पेठेत कोणतीही अडचण आली की लोक टेकडीखालच्या मठात जात. तिथे एक वृद्ध आचार्य राहत, शास्त्र शिकवत आणि संध्याकाळी प्रवचन करत. शेठजींचे पायही तिकडेच वळले, पण वाटेत ते दोनदा थांबले. गेले काही आठवडे त्यांनी मठाची पायरी चढली नव्हती.

त्याचे असे झाले होते. बसप्पाशेठ रोज प्रवचनाला येत. पहाटे पहिल्या गाड्यांबरोबर त्यांचे दुकान उघडे, म्हणून संध्याकाळी कथेला रंग चढू लागला की त्यांना झोप लागे, आणि झोप लागली की ते घोरत. आचार्य आवाज थोडा चढवून पुढे सांगत. परंतु आचार्यांचा विश्वंभर नावाचा एक शिष्य होता. वय पस्तिशीचे, काशीला अध्ययन करून आलेला, बुद्धीने तल्लख आणि तिखट. एका संध्याकाळी आचार्यांना बरे नव्हते म्हणून तो प्रवचनाला बसला. नेमक्या गहन स्थळी शेठजींचे घोरणे सुरू झाले. विश्वंभर थांबला, आणि झोपलेला श्रोता व दावणीचा बैल यांच्यातील साम्य दाखवणारा एक संस्कृत श्लोक त्याने तिथल्या तिथे रचून म्हटला. वृत्त निर्दोष होते, यमकही साधले होते. पुढच्या रांगेतल्या विद्वानांना अर्थ कळला म्हणून ते हसले, आणि ते हसले म्हणून मागचे सगळे हसले. त्या हशाने शेठजींना जाग आली. दुसऱ्या दिवसापासून त्यांची जागा रिकामी राहिली. आचार्यांच्या कानावर हे गेले, पण ते काही बोलले नाहीत.

मठाच्या दारात विश्वंभरच उभा होता. आचार्य मागे गोठ्यात गाईला चारा घालत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मग दोघांनी पोत्याकडे पाहिले. विश्वंभराला मनातून त्या श्लोकाचे थोडे ओशाळवाणे वाटत होते, त्यामुळे शेठजींच्या उपयोगी पडण्याची ही संधी त्याला बरी वाटली. त्याने सांगितले की आचार्यांना कशाला त्रास द्यायचा, हे मी आत्ता करून देतो. स्निग्ध पदार्थाचा नाश तीक्ष्ण पदार्थाने होतो, हे सिद्धच आहे. शेठजींच्या हातातली बाटली म्हणजे तर साक्षात तीक्ष्ण पदार्थ. त्याने चिंधीचा बोळा रॉकेलात बुडवला आणि कापूरच्या मागच्या पायापासून प्रारंभ केला.

पहिले दोन हात कापूरने सहन केले. तिसऱ्या हाताला रॉकेल मांडीच्या आतल्या नाजूक कातडीला लागले, आणि तो असा केकाटला की गोठ्यातल्या गाईने चारा सोडून मान वर केली. मग त्याने वळून तो पाय चाटला. तोंडाला फेस आला. पोत्यातून सुटून तो सारवलेल्या ओसरीवरून धावला, बैठकीवरून गेला, खांबाला अंग घासले, आणि सगळीकडे काळी नक्षी काढून झाल्यावर आसऱ्यासाठी विश्वंभराच्याच शुभ्र धोतरात शिरला. त्याला अजून माणसांची पारख नव्हती.

आचार्य गोठ्यातून आले. त्यांनी ओसरी पाहिली, धोतर पाहिले, मग बाटली पाहिली. ती त्यांनी उचलून चुलीपासून दूर, अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवली. कोणत्या पायाला लावले, एवढेच त्यांनी विचारले. तो पाय त्यांनी अंगाच्या साबणाने आणि कोमट पाण्याने आधी धुतला, तोंडावरचा फेस ओल्या फडक्याने पुसला, आणि कापूरला प्यायला पाणी ठेवले. मग ते शिष्याला म्हणाले, "विश्वंभरा, तो बोळा तुझ्या दंडावर बांध."

विश्वंभराला कारण कळले नाही, पण गुरूची आज्ञा होती. त्याने बोळा बांधला आणि विचारले, "सोडायचा केव्हा?"

"कुत्र्याला विचार," आचार्य म्हणाले.

यानंतर त्यांनी शेठजींना ओट्यावर बसवले आणि कापूरचे डोके त्यांच्या मांडीवर दिले. ओळखीची मांडी मिळाल्यावर कापूरची थरथर थांबली. विश्वंभराला समोर बसायला सांगितले. जुन्या फडक्यांनी वरचे वंगण निपटून काढायचे, केस ओढायचे नाहीत, मुळाशी कातडी बोटाने दाबून धरायची आणि मग केसाच्या टोकाकडे पुसत जायचे, असे त्यांनी एकदा करून दाखवले आणि ते स्वतः स्वयंपाकघरात गेले. काही क्षण दोघे पुरुष एका कुत्र्याकडे पाहत बसून राहिले. कुणीतरी काहीतरी बोलायला हवे होते.

"कान नीट पुसा," शेठजी म्हणाले.

"पुसतो," विश्वंभर म्हणाला.

आचार्य तांदळाच्या पिठीचा डबा घेऊन आले आणि त्यांनी मूठमूठ पिठी कापूरच्या अंगावर भुरभुरली. पिठी वंगण शोषून काळी झाली की ती जुन्या फणीने विंचरून काढायची आणि नवी टाकायची. पेठेतली काही मंडळी मागोमाग आली होती. ती कुंपणाशी उभी राहून पाहत होती. कापूर आता पिठात घोळलेल्या भज्यासारखा दिसत होता, हे त्यांनी आपापसांत मोठ्याने सांगितले. इतक्यात विश्वंभराचा चेहरा बदलू लागला.

"आचार्य, दंड चुरचुरतोय."

"मग सोड आणि साबणाने धू. तुला सांगता येतं, हे एक बरं आहे."

बोळ्याखाली कातडी लालभडक झाली होती. विश्वंभराने ती धुतली आणि खाली मान घालून पुन्हा फणी हातात घेतली. यापुढे त्याचा हात पहिल्यापेक्षा हलका चालू लागला.

पिठीने बरेच वंगण निघाले, परंतु मानेखाली, पोटावर आणि शेपटीच्या मुळाशी ते केसांत घट्ट बसले होते. तेव्हा आचार्यांनी फोडणीचे शेंगदाण्याचे तेल आणले, वाटीत ओतले आणि त्या वंगणाने माखलेल्या कुत्र्याच्या अंगावर ते तेल चोळायला सुरुवात केली.

कुंपणाशी उभ्या मंडळींनी माना पुढे काढल्या. मग कुणीतरी आता मीठ-मिरची आणायला हवी असे म्हणाले. शेठजींनी आधी आचार्यांकडे, मग विश्वंभराकडे पाहिले. त्या दृष्टीत म्हाताऱ्या माणसांच्या वयाविषयी एक प्रश्न होता. विश्वंभराच्याही मनात तोच प्रश्न आला होता. त्याने अत्यंत आदराने निदर्शनास आणून दिले की कुत्र्याच्या अंगावरचा तेलकटपणा घालवणे हा मूळ उद्देश होता. आचार्यांनी वाटी त्याच्या हातात दिली आणि पोटाकडची बाजू त्याला करायला सांगितली.

कापूरला मात्र या प्रकरणाची गोडी लागली. तो मान वळवून तेल लावणाऱ्या बोटांना चाटू लागला. विश्वंभराने घाबरून हात मागे घेतला. आचार्य म्हणाले, थोडे चाटले तर चाटू दे, फार नको, नाहीतर पोट बिघडेल.

तेल मुरल्यावर घट्ट गोळे बोटांनी सुटे होऊ लागले. मग पुन्हा पिठी, पुन्हा फणी. कानामागची एक गुठळी काही केल्या सुटेना, ती आचार्यांनी कातडी बोटांत धरून कात्रीने अलगद कापली. शेवटी आंघोळ. पाणी कोमट आहे ना, हे विश्वंभराने मनगटावर टाकून पाहिले, तेही न सांगता. साबण किसून पाण्यात विरघळवला होता. रिठे का नकोत, असे शेठजींनी विचारले, तेव्हा ते डोळ्यांत गेले तर झोंबतात असे आचार्यांनी सांगितले आणि कापूरच्या डोळ्यांवर स्वतःच्या हाताचा आडोसा धरला. एकदा धुतले, दुसऱ्यांदा धुतले, आणि साबणाचा बुळबुळीतपणा संपून अंगावरचे पाणी निर्मळ वाहू लागेपर्यंत नुसत्या पाण्याने धुतच राहिले.

या सगळ्यात दुपार सरली. माणसांची पाठ भरून आली होती. कुत्रा तेवढा आनंदात होता. तो पूर्वीसारखा पांढरा झाला नव्हता. रंग फिकट राखाडी, पोटाशी किंचित पिवळसर. पण तो कुत्र्यासारखा दिसत होता आणि त्याने ताकभात खाऊन तो पोटात ठेवला. रात्रभर त्याने अंग चाटत बसू नये म्हणून शेठजींनी आपली मांजरपाटाची बंडी उतरवून त्याला घातली. पुढचे पाय बाह्यांत बरोबर बसले.

निघताना शेठजींनी हात जोडून विचारले, "आचार्य, तेलावर तेल कसं चाललं, ते काही मला समजलं नाही."

आचार्य म्हणाले, "वंगण हे तेलाचंच भावंड, शेठ. पाणी घातलं की ते केसाला आणखी चिकटून बसतं. रॉकेलाने सुटतं, पण ते कातडी भाजतं. गोडं तेल लावलं की आपलं कुणी आलं असं समजून ते सैल होतं, आणि मग पिठी दोघांनाही बाहेर घेऊन येते. वेळ लागतो, एवढाच यात दोष. आणि दुसरं म्हणजे कुत्रा घरी जाऊन अंग चाटणार. तिथे तुम्ही-आम्ही पाहायला नसतो. म्हणून जे त्याच्या पोटात गेलं तरी चालेल, तेच त्याच्या अंगाला लावायचं."

शेठजींना ते पटले. बंडी घातलेल्या कापूरला घेऊन ते उघड्या अंगाने पेठेतून घरी गेले, आणि वाटेत त्यांना कुणी काही विचारले नाही.

विश्वंभर ओसरी सारवू लागला. सारवता सारवता तो म्हणाला की रॉकेलाविषयी त्याचा सिद्धांत तसा चुकीचा नव्हता. त्याने वंगण खरोखरच सुटत होते.

"नव्हताच चुकीचा," आचार्य खांबाला टेकून बसत म्हणाले. "तुझा तो श्लोकही चुकीचा नव्हता. शेठ झोपले होते आणि घोरतही होते. वृत्तसुद्धा निर्दोष होतं, असं मला लोकांनी सांगितलं."

विश्वंभराचा हात थांबला.

"पण माणूसही घरी जातो, विश्वंभरा. आणि चार लोकांत अंगाला लागलेलं एकटा चाटत बसतो. आपण काय लावून पाठवलं, ते तेव्हा त्याच्या पोटात जातं."

एवढे बोलून ते गाईकडे गेले. विश्वंभराने उरलेली ओसरी सारवली. सारवलेला भाग त्याने पुन्हा एकदा सारवला, कारण त्याला आत जाऊन कुणाला तोंड दाखवायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी शेठाणी परतल्या. कापूर त्यांच्या अंगावर झेपावला. त्यांनी त्याला जवळ घेतले, त्याची मान हुंगली आणि नवऱ्याला विचारले, "याला फोडणी कुणी दिली?" शेठजींनी खोटे बोलायचे ठरवले होते, परंतु या प्रश्नाला पुरेल असे कोणतेही खोटे त्यांच्याजवळ तयार नव्हते. त्यांनी सगळे सांगून टाकले. शेठाणी ऐकून उठल्या. मग त्यांनी पडवीत जाऊन पिंपावर पाट झाकला, पाटावर पाटा ठेवला आणि चहाचे आधण चढवले. एवढ्यावर भागले याचे शेठजींना जन्मभर नवल वाटत राहिले.

त्याच संध्याकाळी विश्वंभर दुकानात आला. हातात पिठीची पुरचुंडी, तेलाची वाटी आणि फणी होती. शेपटीच्या मुळाशी थोडे राहून गेले होते, ते काढायला आलो, असे त्याने सांगितले. कापूरने त्याला पाहून आधी मागचा पाय पोटाशी घेतला, तेलाचा वास आल्यावर सावकाश सोडला. विश्वंभर खाली फरशीवर बसला. मठातून निघताना त्याने क्षमा मागण्यासाठी चार वाक्ये मनात जुळवली होती; ती चांगली प्रौढ आणि रेखीव होती. पण कापूरची शेपटी हातात धरून बसल्यावर त्यांतले एकही जिभेवर येईना.

"शेठ," तो शेवटी म्हणाला, "त्या दिवशी मी चारचौघांत तुम्हाला जे बोललो, ते मी बोलायला नको होतं. माझं चुकलं."

बसप्पाशेठ दोर गुंडाळत होते. त्यांनी तो पुरता गुंडाळला, खुंटीला अडकवला आणि मग ते जवळ येऊन बसले. कापूरचे डोके त्यांनी सवयीने मांडीवर घेतले.

"तुम्ही काय बोललात, ते मला अजून ठाऊक नाही," ते म्हणाले. "मला कुठलं आलंय संस्कृत? जाग आली तेव्हा सगळे माझ्याकडे बघून हसत होते, तेवढंच मला समजलं. नंतर घरी बसून मी पुष्कळ विचार केला, की आपण झोपेत असं काय केलं असेल."

विश्वंभराने शेपटीचे केस बोटांनी वेगळे केले. शेठजींनी निरागसपणे विचारले, "काय होतं हो त्यात?"

"त्यात समजण्यासारखं काही नव्हतं, शेठ," विश्वंभर म्हणाला, आणि त्याने तेलात बोटे बुडवली.